ध्रुवाच्या बापाचे कीर्तन कोण करणार?

सप्ताहाच्या सात दिवसांत मातृपितृसेवेवर एक तरी कीर्तन होतेच. पुंडलिक येतो, श्रावणबाळ येतो. म्हातारे आईबाप डोळे पुसतात, तरुण मंडळी माना खाली घालतात, आणि मंडपातून घरी जाताना जो तो म्हणतो, आज बुवांनी कानउघाडणी केली. चांगली गोष्ट आहे. आईबापांची सेवा हा आपल्या पंथाचा पायाच आहे. पुंडलिकाच्या विटेवरच आपला देव उभा आहे, तेव्हा त्या कीर्तनाविरुद्ध मी बोलणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. लेकराने आईबापांशी कसे वागावे हे आपण शेकडो वर्षे सांगत आलो. आईबापांनी लेकराशी कसे वागावे, हे कोणत्या सप्ताहात, कोणत्या दिवशी, कोणत्या फडावर सांगितले जाते? चाळीस वर्षांहून अधिक काळ मी वीणेपुढे उभा राहिलो. महालापासून धापेवाड्यापर्यंत आणि वर्ध्यापासून भंडाऱ्यापर्यंत फिरलो. यजमान आधी सांगत असत, 'महाराज, पोट्टे आयकत नाहीत, जरा त्यायच्यासाठी बोला.' 'महाराज, आम्ही पोट्ट्यांचं आयकत नाही, जरा आमच्यासाठी बोला' असे म्हणणारा यजमान मला एकही भेटला नाही. आता गळा थकला, कीर्तन थांबले, म्हणून लिहून सांगतो.

बालभक्त म्हटले की आपल्याला दोन नावे आठवतात, ध्रुव आणि प्रल्हाद. भागवताच्या चौथ्या स्कंधात ध्रुव आहे, सातव्यात प्रल्हाद. या दोघांची भक्ती आपण ताल धरून गातो. पण दोघांच्या कथेत आणखी एक गोष्ट सारखी आहे, ती आपण घाईने ओलांडून जातो. दोघांनाही जन्मदात्या बापाने दूर लोटले होते.

ध्रुव पाच वर्षांचा. धाकटा भाऊ उत्तम बापाच्या मांडीवर बसलेला पाहून त्यालाही बसावेसे वाटले. एवढीच त्याची मागणी. राज्य मागितले नाही, खेळणे मागितले नाही. सावत्र आई सुरुची त्याला टाकून बोलली. कीर्तनकार सुरुचीला फाडून खातात, श्रोतेही तिच्यावर दात ओठ खातात. पण भागवतकारांनी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आहे. राजा उत्तानपाद हे सगळे पाहत होता, ऐकत होता, आणि गप्प बसला. ध्रुवाला रानात घालवले ते सुरुचीच्या शब्दांनी जितके, तितकेच बापाच्या मौनाने. परक्याचा शब्द लागतो हे खरे, पण आपला माणूस समोर बसून काही बोलत नाही, तो घाव खोल जातो.

प्रल्हादाची गोष्ट आणखी बारकाईने वाचण्यासारखी आहे. हिरण्यकशिपूने मुलाला मांडीवर घेतले, मस्तक हुंगले, लाडाने विचारले, 'बाळा, शाळेत काय शिकलास ते सांग.' इथपर्यंत तो जगातल्या कोणत्याही प्रेमळ बापासारखाच आहे. मुलाने मनातले खरे उत्तर दिले. ते बापाला हवे होते ते नव्हते. त्यासरशी त्याने मुलाला मांडीवरून जमिनीवर फेकले.

एका बापाने मांडीवर घेतलेच नाही. दुसऱ्याने घेतले, पण हवे ते उत्तर मिळेपर्यंतच. वारकरी बंधुभगिनींनो, आज आपल्या घरांत या दोन्ही मांड्या आहेत. 'आज शाळेत काय झालं' असे विचारणारे घर मी पाहतो, तेव्हा पुढचे वाक्य कोणते येणार हे मला ठाऊक असते. 'किती मार्क पडले?' उत्तर मनासारखे आले तर मांडी, नाही तर जमीन. राक्षस म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, त्याची ही रीत आपण दिवाणखान्यात चालवतो.

हे पुराणातले झाले. आता आपल्याच महाराष्ट्रातले सांगतो, आणि हे सांगताना वारकरी म्हणून मान खाली जावी असे ते आहे.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे एक सरकारी समारंभ झाला. २८५ मुलींची नावे त्या दिवशी बदलण्यात आली. त्यांची आधीची नावे होती नकोशी, नकुसा, नकुशी. मुलगा हवा असताना मुलगी झाली, मग पुन्हा मुलगी झाली, तेव्हा 'आता नको' असे देवाला कळावे आणि पुढचा मुलगा व्हावा, या समजुतीने ही नावे ठेवलेली. जिल्ह्यात आरोग्य खात्याने शोध घेतला, या मुली सापडल्या, आणि नव्या नावाचे प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिले गेले. काहींनी सिनेमातल्या नायिकेचे नाव घेतले, काहींनी जुन्या वळणाचे. काही का असेना, स्वतःला हवे ते घेतले.

आता जरा थांबून विचार करा. नाव म्हणजे काय, हे जगाला कोणी शिकवायचे? आपण. आपला सारा पंथ नामावर उभा आहे. यज्ञ नको, याग नको, नाम पुरे, असे आपण सातशे वर्षे सांगत आलो. नामात शक्ती आहे, नाम घेता घेता माणूस तसाच होतो, हे आपले मुख्य प्रमेय. मग ज्या मुलीला सकाळी उठवताना 'नकोशी', जेवायला बोलावताना 'नकोशी', शाळेच्या पटावर 'नकोशी', मैत्रिणींच्या चिडवण्यात 'नकोशी', तिच्या जिवावर रोज शंभर वेळा कोणत्या नामाचा जप झाला? नामाचा महिमा खरा असेल, आणि तो खरा आहे, तर या उलट्या नामाचाही परिणाम खरा मानावा लागेल. एकीकडे जप फळतो म्हणायचे आणि दुसरीकडे 'नावात काय आहे' म्हणायचे, असे दोन्हीकडून बोलता येणार नाही.

अजामिळाचे आख्यान आपण सर्वांनी सांगितले आहे. आयुष्यभर पाप केलेला तो माणूस. मरताना भीतीने त्याने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण होते, म्हणून विष्णुदूत धावले आणि तो तरला. या कथेचे निरूपण आपण नाममहिम्यावर करतो. पण त्यात एक साधी गोष्ट दडली आहे. तो पापी होता, तरी त्याने आपल्या लेकराचे नाव चांगले ठेवले होते, आणि शेवटच्या श्वासाला त्याला लेकरूच आठवले. पापी अजामिळाच्या पदरी एवढे तरी होते. ज्याने लेकीचे नाव नकोशी ठेवले, तो अंतकाळी हाक कोणती मारणार?

यावर जुनी माणसे म्हणतील, 'बुवा, दगडू, धोंडू, भिकू ही नावे पूर्वीपासून आहेत. नकोशी त्यातलीच.' नाही. हा फरक नीट समजून घ्यावा. घरात मुले जगत नसत, तेव्हा नव्या बाळाला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे ढुंकून पाहू नये, म्हणून आई त्याला दगड म्हणे, धोंडा म्हणे, भिकेत मिळालेला म्हणे. त्या नावामागे 'हे मूल माझ्याजवळ राहू दे' अशी तळमळ होती. नकोशीमागे 'हे मूल नको, दुसरे दे' असे आहे. एका नावाने लेकरू लपवून ठेवले, दुसऱ्याने उंबऱ्याबाहेर ठेवले. दोन्ही एका तराजूत घालू नयेत.

आता आणखी एक बोचरी गोष्ट. सातारा जिल्हा म्हणजे काही दूरचा मुलूख नाही. माउलींची पालखी नीरास्नान करून त्याच जिल्ह्यात शिरते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हे आपले मुक्काम. चांदोबाचा लिंब येथले उभे रिंगण पाहायला लोक कुठून कुठून येतात. वर्षानुवर्षे लाखो वैष्णव त्या वाटेने नाम गात गेले. वारकऱ्यांना पाण्याचा तांब्या देणाऱ्या त्या भागातल्या पोरींमध्ये एखादी नकोशी नसेलच असे कोण छातीठोकपणे सांगेल? आपण तिला 'माउली' म्हटले असेल, पाणी प्यालो असू, आणि 'बाळ, तुझं नाव काय' असे न विचारता पुढे गेलो असू. त्या २८५ मुलींचे नामकरण सरकारी कार्यालयाने केले. खरे म्हणजे ते देवळात व्हायला हवे होते, टाळमृदंगाच्या गजरात, फडकऱ्यांच्या हस्ते. ज्यांचा व्यवसायच नामाचा, ते मागे राहिले आणि आरोग्य खाते पुढे गेले.

कोणी म्हणेल, हा एका जिल्ह्याचा दोष. तर २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. संतांच्या बीड जिल्ह्यात तर हा आकडा ८१० च्याही खाली होता. साताऱ्याच्या मुलींना निदान नाव मिळाले होते, नको असलेले का होईना. या आकड्यांतल्या मुलींना तेही मिळाले नाही.

आणि नकोशी ही केवळ मुलगीच असते, केवळ गरिबाघरीच असते, असेही समजू नये. नाव राजवीर असते, नाव स्वरा असते, आणि वागणूक नकोशीची असते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा धरून १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना त्यासाठी विचारले होते. दर दोन मुलांपैकी एकाने सांगितले की आपला अपमान होतो, हिणवणे होते, मन दुखावले जाते. असे वागणारे कोण? १०० पैकी ८३ प्रसंगी आईवडीलच. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक मुलांना मारणारेही आईवडीलच. आणि जवळपास निम्म्या मुलींनी सांगितले की आपण मुलगा असतो तर बरे झाले असते. चोर, भामटे, वाईट संगत यांपासून लेकरांना जपा असे आपण सांगतो. हे आकडे सांगतात की आधी आपल्याच घराचे दार आतून पाहा.

याचे टोक कुठे जाते तेही सांगतो, कारण ते न सांगणे म्हणजे उत्तानपादाचेच मौन. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२० या एका वर्षात देशात अठरा वर्षांखालच्या ११,३९६ मुलामुलींनी स्वतःचा जीव दिला. त्यांपैकी ४,००६ जणांच्या नावापुढे 'कौटुंबिक अडचणी' असे कारण लिहिले आहे. ही सगळी घरे वाईट होती असे मी म्हणत नाही. घरोघरी दुःखे वेगळी असतात आणि एका कारणाने असे घडत नाही. पण ज्या घरात लेकराला 'मला फार जड झालंय' असे म्हणायला जागा असते, तिथे हाक कोणाच्या तरी कानी पडण्याची आशा असते.

आमचे नागपूर हे हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही लोहमार्गांचे नाके. चारी दिशांच्या गाड्या इथे थांबतात, आणि त्या गाड्यांतून घर सोडलेली मुलेही उतरतात. रेल्वे सुरक्षा दलाने 'नन्हे फरिश्ते' नावाची मोहीम चालवली आहे. २०१८ पासून मे २०२४ पर्यंत देशभरातल्या स्थानकांवर आणि गाड्यांत त्यांनी ८४,११९ मुलांना सोडवले. त्यांत घरातून निघून आलेली फार. हे सगळे आजचे ध्रुव. मांडी मिळाली नाही म्हणून निघाले. त्या ध्रुवाला वाटेत नारद भेटला. या ध्रुवाला फलाटावर कोण भेटतो हे मी सांगायला नको. दर वेळी पोलीस आधी पोचतोच असे नाही, दलालही पोचतो.

नारदांचे नाव निघाले म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखे एक सांगतो. नारदांनीही आधी ध्रुवाला उपदेशच केला. तू लहान आहेस, लहानाला कसला मान आणि कसला अपमान, घरी जा, असे म्हणाले. ध्रुव म्हणाला, तुमचे बोलणे चांगले आहे, पण माझ्या हृदयाला शब्दांचे बाण लागले आहेत, तिथे ते ठरत नाही. यावर देवर्षींनी काय केले? त्रैलोक्यात फिरणारा तो ज्ञानी पाच वर्षांच्या पोराचे ऐकून थांबला, त्याचे दुःख खरे मानले, आणि मग मंत्र दिला. आपण उपदेशापाशीच थांबतो. 'लहान आहेस, तुला काय कळतं' हे आपल्या घरातले पहिले वाक्यही असते आणि शेवटचेही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप कष्टकरी आईबापांचा. 'महाराज, दिवसभर राबतो ते कोणासाठी? फी भरतो, कपडे घेतो, उपाशी राहून पोराला खाऊ घालतो. हे प्रेम नव्हे का?' प्रेमच आहे, आणि त्याला मी नमस्कार करतो. ज्या बापाच्या हाताला घट्टे पडले त्याला प्रेम शिकवण्याइतका मी मोठा नाही. पण लेकराला घट्टे वाचता येत नाहीत, त्याला चेहरा वाचता येतो. आपण विठ्ठलाला रोज नैवेद्य दाखवतो. पण नुसते ताट ठेवून, पाठ फिरवून निघून जाणाऱ्याला आपण भक्त म्हणत नाही. समोर दोन घटका बसावे लागते, डोळे भरून पाहावे लागते. लेकराचेही तसेच. ताट वाढलेत, आता समोर बसा.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. कुंभाराचा दृष्टान्त आपल्यात सर्रास देतात. मडके घडवताना कुंभार वरून थापटी मारतो, तसे मूल मारून घडवावे लागते, म्हणे. दृष्टान्त चांगला आहे, पण अर्धाच सांगितला जातो. थापटी मारणाऱ्या कुंभाराचा दुसरा हात कुठे असतो? मडक्याच्या आत. जिथे बाहेरून थापटी पडते, नेमका तिथेच आतून आधार असतो. तो आतला हात काढून घ्या आणि मग थापटी मारा. मडके घडते की फुटते ते पाहा. ज्याचा आतला हात नाही त्याने बाहेरचा उचलू नये.

तिसरा आक्षेप आपल्या लोकांचा, आणि तो मला सर्वांत जड जातो. 'मूल ऐकत नाही, नेऊन टाका आळंदीला.' जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती विद्येसाठी. ज्याला पखवाजाची ओढ आहे, गायनाची ओढ आहे, ज्ञानेश्वरीची भूक आहे, त्याने जरूर जावे. पण घरात नको झालेले पोर सुधारायला म्हणून नेऊन ठेवणे हा विद्येचा मार्ग नव्हे. 'नेऊन टाका' या शब्दातच नकोशी बसली आहे. आणि जिथे ठेवता तिथे परवाना आहे का, देखरेख कोणाची आहे, लेकरू रात्री कोणाजवळ झोपते, त्याला घरी फोन करून रडता येते का, हे न पाहता गळ्यात तुळशीची माळ दिसली म्हणून ठेवून येणे हा भाबडेपणा नव्हे, हेळसांड आहे. माळ पवित्र आहे. माळ घालणारा प्रत्येक हात पवित्रच असतो असे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही.

चौथा आक्षेप विद्वानांचा. 'हा विषय समाजसेवकांचा, कीर्तनात परमार्थ सांगावा.' गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनात काय सांगितले? पोरे शिकवा, पोरांच्या पोटाला घाला, व्यसने सोडा. तो परमार्थ नव्हता काय? आणि आपला परमार्थ तर लेकराच्याच भाषेत चालतो. देवाला आपण आई म्हणतो. ज्ञानोबांना माउली म्हणतो, आणि वारीच्या वाटेवर भेटेल त्याला माउली म्हणतो. चोपदारापासून चहावाल्यापर्यंत सारे माउली. आईच्या नात्याहून मोठे नाते आपल्याला सुचले नाही. मग ज्याला घरी आईची सय असूनही माया मिळाली नाही, त्या लेकराने 'विठाई माउली' या शब्दाचा अर्थ काय लावावा? त्याला देव कळण्याची पहिली पायरीच आपण मोडून टाकली. एका गावी काल्यानंतर नऊ-दहा वर्षांची एक पोर माझ्यापाशी येऊन म्हणाली, 'आजोबा, देव आईसारखा असतो तर मला नको.' चाळीस वर्षांच्या अभ्यासात इतका अवघड पूर्वपक्ष मला कोणी केला नव्हता. तिचे समाधान शब्दांनी होणारे नव्हते.

काल्यावरून आठवले. काल्याच्या कीर्तनात कृष्णाच्या खोड्या आपण रंगवून सांगतो. लोणी चोरले, मडकी फोडली, खोटे बोलला. सारा मंडप हसतो, आया कौतुकाने डोळे टिपतात. त्याच आया घरी जातात आणि डब्यातला लाडू न विचारता खाल्ला म्हणून पोराच्या पाठीत धपाटा घालतात. यशोदेने कृष्णाला बांधायला दावे आणले ते दोन बोटे कमीच पडत गेले. घरातली सारी दावी जोडली तरी पुरेनात. शेवटी आई दमली, घामाघूम झाली, हे त्या लेकराने पाहिले आणि ते आपणहून बांधले गेले. मूल दाव्याने बांधले जात नाही, मायेने जाते. दरवर्षी हे सांगून दहीलाह्या वाटतो आणि आपण विसरतो.

आपल्या परंपरेत लेकराचे ऐकण्याची उदाहरणे कमी नाहीत. ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले, तेव्हा दार उघडायला लावले ते धाकट्या मुक्ताईने. मोठा भाऊ, योगी, ज्ञानी, आणि समजूत कोणी घातली तर सर्वांत लहान बहिणीने. त्याने ऐकले. योगबळाचा मोठा डौल मिरवणाऱ्या चांगदेवांनी त्याच मुक्ताईला गुरू केले. स्वतः ज्ञानोबा ज्ञानेश्वरीच्या आरंभी श्रोत्यांना विनवतात की मी लेकरू आहे, माझे बोबडे बोल आईबापांनी कौतुकाने ऐकावे तसे ऐका. संतसभेने ते ऐकले म्हणून १२९० साली मराठीला तो ग्रंथ मिळाला. त्या सभेत कोणी 'तुला काय कळतं, बस खाली' म्हणाले असते तर?

याच चार भावंडांना गावाने नाव कोणते दिले होते? संन्याशाची पोरे. म्हणजे नकोशीच. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच घर सोडून दामाशेटींच्या घरी वाढली. आमच्या वऱ्हाडातले गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना दृष्टीला मुकले, चार वर्षांचे असताना आई गेली. आजीने वाढवले, भोवतालच्या माणसांनी ग्रंथ वाचून दाखवले, आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्या अंध पुरुषाने शंभरावर ग्रंथ सांगितले. स्वतःला त्यांनी ज्ञानेश्वरकन्या म्हणवले. ज्या काळात लोक मुलगा मागत होते, त्या काळात या महापुरुषाने माउलीची लेक होणे मागितले. नकोशी नाव ठेवणाऱ्यांना याहून मोठे उत्तर मला ठाऊक नाही.

मग करायचे काय? नुसती टीका करून टाळ खाली ठेवणे बरे नव्हे.

सप्ताह भरवणाऱ्या मंडळींनी सातांपैकी एक कीर्तन आईबापांसाठी ठेवावे. पुंडलिकाच्या दुसऱ्याच दिवशी उत्तानपाद लावावा. त्या दिवशी मुलांना पुढे बसवावे आणि आईबापांना मागे. गावात अजून कोणी नकोशी, नकुशी असेल, शाळेच्या दाखल्यावर असो की नुसती हाकेत असो, तिचे नामकरण देवळात करावे, आणि नाव तिला विचारून ठेवावे. संध्याकाळी घरात हरिपाठ होतो, त्यानंतर पाव तास मुलांचा. त्यात उपदेश नाही, गुण नाहीत, शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना नाही. त्यांनी बोलायचे, आपण ऐकायचे. कधी हरिपाठाच्या मधेच लेकरू रडत आले तर हरिपाठ थांबवावा. विठ्ठल रागावेल अशी भीती धरू नये. घरच्या माणसांसाठी देवाला विटेवर थांबवणे हाच पुंडलिकाचा धर्म आहे, आणि आपला देव तेव्हापासून थांबायला सरावला आहे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट फोन क्रमांक आहे. १९९६ साली मुंबईत तो सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. मूल स्वतः फोन करू शकते, त्याच्यासाठी दुसराही करू शकतो. प्रत्येक विठ्ठलमंदिराच्या भिंतीवर, सप्ताहाच्या फलकावर, दिंडीच्या ट्रकवर हा क्रमांक लिहावा. देणगीदारांच्या नावांना जागा मिळते, तर या चार आकड्यांना मिळायला हरकत नाही. मुलांना स्वतःचे म्हणणे मांडण्याचा हक्क आहे आणि ते ऐकले गेले पाहिजे, असे संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली करार करून जगाला सांगितले, आणि १९९२ साली आपल्या देशाने तो मान्य केला. मुक्ताईचे ऐकणाऱ्या पंथाला हे कोणी करार करून सांगावे लागू नये.

'मुले ऐकत नाहीत' ही तक्रार घेऊन पुढच्या वेळी कोणी बुवांकडे आले, तर बुवांनी एकच विचारावे. तुम्ही त्यांचे शेवटचे कधी ऐकले होते? ज्याला ऐकून घेतलेले आठवत नाही, त्याला ऐकावे कसे हे कोण शिकवणार? नऊ प्रकारच्या भक्तीत पहिली भक्ती श्रवण आहे, कीर्तन दुसरे. आधी ऐकायचे, मग बोलायचे, हा क्रम आपल्याच शास्त्राने घालून दिला आहे. तो देवळात पाळतो तसा घरात पाळावा.

उत्तानपादाला पुढे पश्चात्ताप झाला. ध्रुव परत आला तेव्हा तो सामोरा गेला आणि लेकराला छातीशी धरून रडला. भागवतात तसे घडले, कारण ध्रुव परत आला. सगळेच येत नाहीत. म्हणून मांडी आजच मोकळी करावी.

रामकृष्ण हरी.